वाजवून न घेतलेला ब्लॉक

साडू म्हणजे एकाच दुकानात फसलेली दोन गिऱ्हाइकं, असं फायबरवाला नेहमी म्हणायचा. सासरी चार माणसं जमली की हा विनोद ठरलेला. बायको डोळे वटारायची, तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, खोटंखोटं रागवायची आणि साडू टाळीसाठी हात पुढे करायचा. लग्नापासून हा विनोद चालत आला होता. आता फायबरवाला तो करत नाही.

त्याचा धंदा फायबरचा. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, बसच्या सीटा. एकदा तर एका चपलांच्या दुकानदाराला दारात उभा करायला त्याने माणसाएवढा बूट करून दिला होता. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वरून राळ चोपडायची, ब्रशने दाबून हवा काढायची आणि वाळलं की हलक्या हाताने सोडवायचं. घासताना जी भुकटी उडते ती अंगात शिरते आणि माणूस दिवसभर खाजवत बसतो. नव्या नवरीने पहिल्याच आठवड्यात त्याचे कपडे आपल्या कपड्यांबरोबर भिजवले आणि तीही खाजवत बसली. तेव्हापासून त्या घरात कपड्यांच्या बादल्या दोन.

या माणसाला एकच वेड होतं. केस कापायला जायचा त्या सलूनच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं पान होतं. त्यावर शर्यतीची उघडी गाडी, दोनच माणसांची, लांब नाकाची, बाटलीसारखी हिरवीगार. तसल्या खऱ्या गाड्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, आणि त्या ज्यांच्याकडे आहेत ते त्या चालवत नाहीत, नुसत्या पुसतात. मग उरला एकच मार्ग. हुबेहूब तशी आपण करायची. अंग फायबरचं, सांगाडा पाइपांचा आणि पोटात आठ सिलिंडरचं दणकट इंजिन. दिसायला तशी आणि पळायला त्याहून चांगली. 'दिसायला तशी' एवढ्यावर भागवणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग यायचा. तसली गाडी म्हणजे दुकानातला तो बूट, असं तो म्हणायचा.

साचा करायलाच वर्षं गेली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आधी लाकूड आणि प्लास्टरची गाडी उभी राहिली. संध्याकाळी काम आटोपलं की नवरा-बायको दोघं तिला पॉलिश पेपरने घासायचे. बायको डोळे मिटून तळहात फिरवायची आणि म्हणायची, "अहो, इथे पोट सुटलंय हिचं." तो पट्टी लावून बघायचा, तर खरंच केसभर फुगवटा असायचा. त्या गाडीच्या अंगावर तिचा हात जितका फिरला तितका त्याच्या पाठीवर फिरला नसेल, असं ती ताईला हसत सांगायची.

इंजिनाचं मात्र दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. ते साडूचं राज्य. साडूचं इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप होतं. झिजलेल्या इंजिनाची भोकं म्हणजे सिलिंडर थोडी मोठी कापून, गुळगुळीत करून द्यायची, म्हणजे इंजिन पुन्हा तरुण. माणूस बोलायला मोठा, हसायला त्याहून मोठा. फायबरवाल्याला त्याने मोकळ्या हाताने शिकवलं, आणि शिकवायला सुरुवात केली त्या दिवशी एक छोटी हातोडी हातात ठेवली. "ही तुझी. ब्लॉक घ्यायचा तर आधी वाजवून घ्यायचा," म्हणाला.

साडूच्या वर्कशॉपचा तो नियमच होता. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, सगळी भोकं ज्यात असतात ते. तो साखळीने टांगायचा, आणि ज्याचा ब्लॉक असेल त्यानेच त्यावर हातोडी मारायची. कापण्याआधी एकदा, कापून झाल्यावर एकदा. लोखंड अखंड असेल तर आवाज लांबत जातो. कुठे तडा असेल तर मध्येच बसतो. साडू स्वतः कधी वाजवायचा नाही. "उद्या म्हणशील, तुम्हीच म्हणालात चांगला आहे. ज्याचे त्याने कान उघडे ठेवावेत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मडकंसुद्धा माणूस वाजवून घेतो, मग हा तर गाडीचा जीव.

तर ब्लॉक कुठला घ्यायचा यावर दोघांचे महिनोन्महिने वाद झाले. फायबरवाल्याचा डोळा अ‍ॅल्युमिनियमच्या नव्या ब्लॉकवर होता. वजनाला निम्मा, गाडीचं नाक हलकं, वळणावर मजा. साडूने ते उडवून लावलं. "लोखंड मुरतं रे. अ‍ॅल्युमिनियम नुसतं जुनं होतं. वर्षानुवर्षं तापून थंड झालेला, मग उन्हापावसात पडून राहिलेला लोखंडी ब्लॉक घे. त्याच्या अंगातले सगळे रुसवेफुगवे निघून गेलेले असतात. कापलास की जसा कापला तसा राहतो."

योगही तसाच आला. गावाबाहेरचा बर्फाचा कारखाना बंद पडला आणि तिथली दोन जुनी जनरेटर निघाली. दोन्हीत आठ सिलिंडरची इंजिनं, एकाच ओतकामाची, जुळ्या भावांसारखी. दोघा साडूंनी मिळून ती घेतली. ब्लॉक मोकळे केले आणि वर्कशॉपच्या मागे उघड्यावर ठेवून दिले. चांगला निघेल तो फायबरवाल्याचा, असं तेव्हाच ठरलं. दुसऱ्याचं काय करायचं विचारल्यावर साडू म्हणाला होता, "बोटवाल्यांना विकू. नांगर म्हणून चालेल."

साचा पुरा होईस्तोवर ब्लॉक तिथेच मुरत राहिले. मग निवडायचा दिवस उजाडला. फायबरवाला सकाळी आपल्या गाडीच्या अंगाचा हिरवा रंग राळेत घोटत होता, तो तसाच उठून वर्कशॉपवर गेला. हातात रंगाचा डबा, डोळ्यांत झोपेचा पत्ता नाही. ताई चहा घेऊन आली होती, बायकोही पाठोपाठ आली. पहिला ब्लॉक टांगला. त्याने हातोडी मारली आणि आवाज निघाला तो लांबतच गेला, चहाचा घोट घेऊन झाला तरी कानात होता. दुसऱ्याचा आवाजही वाईट नव्हता, पण किंचित लवकर विरला. मग साडूने भिंतींची जाडी मोजायचं यंत्र लावलं. पहिल्याच्या सगळ्या भिंती सारख्या. दुसऱ्याच्या तिसऱ्या सिलिंडरला एका बाजूला भिंत पातळ. ओतताना आतला वाळूचा गाभा सरकला की असं होतं. एक बाजू जाड, एक पातळ, आणि कापून भोक मोठं केलं की पातळ बाजू आणखी पातळ.

"झालं. हातच्या काकणाला आरसा कशाला?" साडू म्हणाला. "पहिला तुझा."

आनंदाच्या भरात फायबरवाल्याने डबा हलवला आणि हिरव्या राळेचा एक टपोरा थेंब ब्लॉकवर पडला. इंजिन सांगाड्याला जिथे बसवतात त्या बोल्टच्या भोकाशेजारी, खरबरीत लोखंडावर. तो पुसायला धावला तर ताईने अडवलं. "असू द्या हो. तीट लागली. कुणाची दृष्ट नको लागायला." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने साडू हसला.

दोनेक महिन्यांनी इंजिन घरी आलं. नुसता कापलेला ब्लॉक नव्हे, आख्खं जोडलेलं इंजिन, बाहेरून काळा रंग मारलेलं, चकचकीत. साडू टेम्पोतून उतरला तोच हात पसरून. "म्हटलं तुला थांबवायचं कशाला? जोडूनच आणलं. माझ्याकडून भेट समज." फायबरवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हातोडी शेडमध्ये खिळ्याला लटकत होती. कापल्यानंतर एकदा वाजवायचा हा नियम त्याला आठवला, नाही असं नाही. पण वाजवायचं म्हणजे जोडलेलं सगळं इंजिन पुन्हा सुटं करायचं, आणि तेही भेट आणणाऱ्या माणसाच्या तोंडावर. घरातल्या माणसाने ताटात वाढलेलं कुणी हुंगून बघतं का? त्याने हातोडीकडे पाहिलं आणि नजर फिरवली. काळ्या रंगाखाली थेंब कुठे असेल हे शोधायचंही त्याच्या मनात आलं नाही.

गाडी उभी राहिली आणि लोक बघायला येऊ लागले. साच्यातून दुसरंही अंग निघालं. ते साडूच्या ओळखीच्या एका दातांच्या डॉक्टरांसाठी, लाल रंगाचं. त्यांचं इंजिनही साडूनेच केलं. कुठून आणलं हे विचारायचं कारण नव्हतं.

गावाबाहेर विमानांची जुनी धावपट्टी आहे. आता तिथे लोक गाडी चालवायला शिकतात. एका रविवारी सकाळी फायबरवाला बायकोला शेजारी बसवून तिथे गेला. आयुष्यात एकदा पाय पूर्ण दाबायचा, एवढ्यासाठी इतकी वर्षं घातली होती. जोरातली पहिली फेरी अशी गेली की बायकोने किंचाळत त्याचा दंड धरला आणि मग दोघं वेड्यासारखी हसत सुटली. दुसऱ्या फेरीत, पट्टी अर्धी संपली असताना, नाकातून वाफ निघाली आणि गाडी गप्पगार झाली. तेलाची कांडी बाहेर काढून पाहिली तर तेल दुधासारखं पांढरट. इंजिन थंड ठेवणारं पाणी तेलात गेलं होतं.

साडूने इंजिन उघडलं. तिसऱ्या सिलिंडरची भिंत उभी फाटली होती.

"तिसरं?" फायबरवाला म्हणाला. "पातळ तर दुसऱ्या ब्लॉकचं होतं ना तिसरं?"

"तिसरं सगळ्यांचंच नाजूक असतं," साडू म्हणाला. "तू थंड इंजिनावर पाय दाबलास. नवं इंजिन नीट तापल्याशिवाय मारायचं नसतं, हे लहान पोरालाही कळतं. इतक्या चांगल्या ब्लॉकची माती केलीस."

बायको मध्ये बोलली. "भावोजी, आम्ही आधी अर्धा तास हळूच फिरत होतो की."

"तू गप्प बस गं. तुला काय कळतं इंजिनातलं?" हे साडू म्हणाला नाही. हे फायबरवाला म्हणाला. बायको आत गेली आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलली नाही.

पुढे सासऱ्यांच्या घरी सगळे जमले तेव्हा त्याने सर्वांदेखत साडूची माफी मागितली. "तुम्ही जीव ओतून केलेलं काम, मी घालवलं," म्हणाला. साडूने पाठीवर थाप मारली. "जाऊ दे रे. अनुभवाने माणूस शिकतो." तेव्हापासून फायबरवाल्याची गाडी ताडपत्रीखाली आणि मन त्याहून खाली. सकाळी दात घासतानासुद्धा तो तेच आठवत बसायचा. पाय दाबण्याआधी तापमानाचा काटा मध्यावर आला होता का? आला होता असं वाटायचं. मग साडूचा चेहरा आठवायचा आणि वाटायचं, नसेल आला.

एक दिवस दातांचे डॉक्टर लाल गाडी घेऊन दारात हजर. डोंगरातल्या शर्यतीत कठड्याला घासून नाकाला चीर गेली होती. माणूस साधा, बोलका. "फायबरवाले, नाक नीट करा, बाकी काही झालं नाही. इंजिन तर काय सांगू! तुमच्या साडूंनी कमाल केली. म्हणतात, असा ब्लॉक हजारात एक. एका भिंतीत उणंअधिक नाही. वर्षानुवर्षं मुरवून ठेवला होता म्हणे."

"असेल," फायबरवाला म्हणाला. त्याला साडूचा अभिमानच वाटला.

डॉक्टर रिक्षाने गेले. नाक सोडवायला तो गाडीखाली शिरला. खालून आतला बोल्ट सैल करताना बॅटरीचा उजेड ब्लॉकच्या कडेवर पडला. इंजिनाच्या धगीने तिथला काळा रंग पापुद्र्यासारखा उडाला होता. आणि बोल्टच्या भोकाशेजारी, खरबरीत लोखंडावर, एक टपोरा हिरवा थेंब होता.

किती वेळ तो तसाच उताणा पडून राहिला, त्यालाच ठाऊक. मग बाहेर आला, ताडपत्री वर केली आणि आपल्या गाडीच्या अंगाकडे पाहिलं. पुन्हा लाल गाडीखाली गेला. तोच हिरवा. त्याने स्वतःच्या हाताने घोटलेला रंग. तो जगात दुसऱ्या कुणाकडे असायचं कारणच नव्हतं. राग मागाहून आला. आधी आली ती लाज, सासऱ्यांच्या घरात भर माणसांत मागितलेल्या माफीची.

पण नाक त्याने नीट केलं. चीर कुठे होती हे शोधून सापडणार नाही असं. डॉक्टरांचा काय दोष? गाडी परत नेताना ते आभार मानत राहिले आणि तो नुसता मान हलवत राहिला.

मग तो साडूकडे गेला. बोअरिंगचं मशीन चालू होतं.

"डॉक्टरांच्या गाडीत माझा ब्लॉक आहे."

"कोण म्हणतं?"

"थेंब आहे त्याच्यावर."

साडूने मशीन बंद केलं. हात पुसायला उगाच जास्त वेळ घेतला. "बस," म्हणाला. फायबरवाला उभाच राहिला.

"हे बघ," साडू म्हणाला, "डॉक्टर शर्यतीत उतरणार होते. गाडीवर माझ्या वर्कशॉपचं नाव. तिथे ब्लॉक फाटला असता तर मी तोंड कुठे लपवलं असतं? आणि तू... तू काय करणार होतास? रविवारी बायकोला बसवून एक चक्कर मारणार, फार तर भाजी आणणार. भाजी आणायला तसला ब्लॉक कशाला लागतो? मला वाटलं, तुझ्याकडे तो दुसरा जन्मभर टिकेल. तू एवढा पाय दाबशील असं वाटलंच नाही मला."

इतकी वर्षं साचा, घासणं, बायकोचा तळहात, वादावादी, आणि या माणसाच्या मनात ती भाजी आणायची गाडी होती. फायबरवाल्याला ब्लॉकपेक्षा ते जास्त लागलं. ब्लॉक साडूने डॉक्टरांसाठी पळवला होता, पण आपल्याला हसत तर तो पहिल्या दिवसापासून होता.

"मी तुमची माफी मागितली. सगळ्यांसमोर."

"मी कुठे माग म्हटलं होतं?"

"तुम्ही घेतलीत."

यावर साडू एकदम चिडला, चूक सापडलेला माणूस चिडतो तसा. "आणि तू वाजवायचा होतास ना! नियम तुला माहीत नव्हता? हातोडी दिली होती तुला. तू वाजवायला घेतला असतास तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. तू वाजवलाच नाहीस."

केसाने गळा कापणारी माणसं फायबरवाल्याने ऐकली होती. कापून झाल्यावर 'मान पुढे कशाला केलीस' असं विचारणारा पहिलाच भेटला. तो तडक घरी आला.

बायको ओट्यापाशी होती. त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली नाही की मी तेव्हाच सांगत होते.

"आपण अर्धा तास हळू फिरलो होतो," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

"तुला गप्प बस म्हटलं मी."

"म्हणालात," असं म्हणून तिने गॅस बंद केला आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

ताईच्या कानावर गेलं आणि तिने नवऱ्याची झोप उडवली. थेंबाला तीट म्हणणारी तीच होती, तेव्हा तिला ते जास्तच झोंबलं. पाऊस सरता सरता एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. साडू, शेजारी ताई, मागे जुन्या टायरांवर एक ब्लॉक. नुसता, कापलेला, न जोडलेला, न रंगवलेला.

"कुठून कुठून शोधून आणला," साडू म्हणाला. आवाज नेहमीचा मोठा नव्हता. "हा त्याच्यापेक्षा सरस आहे. झालं गेलं विसर. घरातल्या घरात किती ताणायचं?"

फायबरवाल्याने ब्लॉक शेडमध्ये घेतला. साखळीने टांगला. मग खिळ्यावरची हातोडी काढली. साडूचा चेहरा उतरला. पण त्याला काही म्हणता येईना, नियम त्याचाच होता. दोघी बहिणी दारात उभ्या होत्या. त्याने हातोडी मारली. आवाज निघाला आणि लांबत गेला, पत्र्याला भिडून परत आला, तरी सरेना.

शेवटी आवाज पुरता विरला.

"झालं समाधान?" साडूने विचारलं.

"ब्लॉकचं झालं," फायबरवाला म्हणाला.

त्याने साखळी सोडली आणि ब्लॉक पुन्हा टेम्पोत चढवायला हात लावला. साडू बघतच राहिला. "अरे, वेडा का तू? आणि गाडी?"

"शोधू ब्लॉक. अनोळखी माणसाकडून घेऊ. तिथे फसलो तर ब्लॉकच जाईल."

ताईने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग तीही पुढे होऊन ब्लॉकला हात लावू लागली. ब्लॉक टायरांवर बसल्यावर फायबरवाल्याने हातोडीची मूठ सदऱ्याला पुसली आणि ती ब्लॉकवर ठेवली.

"ही पण तुमचीच," तो म्हणाला.

टेम्पो निघाला. कोपऱ्यावर खड्ड्यात चाक गेलं तेव्हा हातोडी ब्लॉकवर आपटली आणि तो आवाज शेडपर्यंत आला. फार चांगला ब्लॉक होता तो.